धाव

चाकाला धाव बसवताना ज्यांनी पाहिलंय अशी माणसं आता फार उरली नसतील. आमच्या गावी सुतारमेटापुढच्या मोकळ्या जागेत हा सोहळा व्हायचा. धाव म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान केलेली असते. जमिनीवर आडवी ठेवून तिच्याभोवती गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या आणि ती लाल होईपर्यंत वाट बघायची. तापली की ती फुलते. मग तिघंचौघं लांब सांडशांनी तिला उचलून चाकावर टेकवणार, लाकूड पेट घेणार, धुरात घणाचे ठोके पडणार आणि कुणीतरी ओरडणार, "पाणी!" चर्र करून वाफेचा ढग उठायचा. निवताना लोखंड आवळायचं आणि तुंबा, आरे, पुठ्ठे ही सुटी सुटी लाकडं एकजीव होऊन जायची. एक खिळा नाही की स्क्रू नाही. सुतारदादा चाकावर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "बोलतंय." चाक बोललं म्हणजे काम झालं.

ते चाक मला पुन्हा भेटलं ते अर्ध्या जगापलीकडे, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, साउथ बेंड नावाच्या गावात. मुलीकडे शिकागोला गेलो की पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात, नंतरचे मोजावे लागतात. अशाच एका मोजायच्या दिवशी जावई म्हणाले, "बाबा, तुमचा जन्म गिअर कापण्यात गेला, तुम्ही स्टुडबेकरचं म्युझियम बघून या." शिकागोहून साउथ शोअर लाइनची विजेची रेल्वे निघते, गॅरीच्या पोलाद कारखान्यांना वळसा घालत साउथ बेंडच्या विमानतळापाशी संपते. गाडी वेळेवर पोचली, माझं घड्याळही बरोबर होतं, तरी म्युझियमच्या भिंतीवरचं घड्याळ एक तास पुढे. रेल्वे शिकागोच्या वेळेने चालते आणि गाव पूर्वेच्या वेळेने. माझा एक तास असा कुठेच खर्च न होता गेला.

आत शिरल्याबरोबर वॅगन. दणकट, चार चाकांची, लाकडाची. हात लावू नये अशी पाटी होती. मी इकडेतिकडे पाहिलं आणि टिचकी मारली. बोललं.

आपल्या भाषेत गाडी हा शब्द मोठा सोशिक आहे. बैल जोडले तरी गाडी, वाफ भरली तरी आगगाडी, भाजी लादली तर हातगाडी, पेट्रोल ओतलं तर मोटारगाडी. इंग्रजीला प्रत्येक वेळी नवा शब्द शोधावा लागला. आपण एकाच शब्दावर शे-दीडशे वर्षं काढली. स्टुडबेकरचा अख्खा इतिहास मावेल असा तो एकच शब्द मला ठाऊक आहे. जगात मोटारी करणाऱ्या कंपन्या पुष्कळ झाल्या आणि पुष्कळ बुडाल्या, पण लोहाराच्या भात्यापासून सुरुवात करून हातगाडी, मालगाडी, घोडागाडी, विजेची गाडी आणि पेट्रोलची गाडी हे सगळं एकाच घराण्याच्या नावाखाली केलं, असं दुसरं उदाहरण शोधूनही सापडणं कठीण.

घराणं लोहारांचं. बाप जॉन स्टुडबेकर, लोहारकाम आणि गाड्या जुळवणं हाच धंदा. पेनसिल्व्हेनियातून ओहायोत आणि तिथून इंडियानात असा पोटामागे सरकत आलेला. धंद्यात बरकत नव्हती, घरात मुलं मात्र भरपूर. त्यांतल्या हेन्री आणि क्लेम या दोघांनी फेब्रुवारी १८५२ मध्ये साउथ बेंडला दुकान थाटलं. भांडवल अडुसष्ट डॉलर. पहिल्या वर्षी जेमतेम दोन-तीन गाड्या झाल्या. तिसरा भाऊ जॉन मोहलर याला सोन्याची हाव सुटली आणि तो १८५३ मध्ये कॅलिफोर्नियाकडे निघाला. प्लेसरव्हिल या खाणगावात पोचल्यावर त्याला एक शहाणपण सुचलं. सोनं खणायला आलेले हजार, पण माती वाहायला गाडा कुणाकडे नाही. तो एका चाकाचे हातगाडे करून विकू लागला. खाणवाले त्याला "व्हीलबॅरो जॉनी" म्हणायचे. खणणारे बहुतेक रित्या हाताने परतले. हा १८५८ मध्ये आठ हजार डॉलर घेऊन घरी आला.

इथे हेन्रीची गोष्ट येते आणि मला या सगळ्या भावांत तोच जवळचा वाटतो. हे कुटुंब डंकर पंथाचं, हिंसेला आणि युद्धाला नकार देणारं. गाड्यांचं मोठं गिऱ्हाईक मात्र लष्कर होऊ लागलं. हेन्रीच्या मनाला ते टोचलं. त्याने आपला हिस्सा जॉनीला विकला आणि शेतीला लागला. पुढे यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेचं सामान याच गाड्यांतून फिरलं, पश्चिमेकडे निघालेल्या बिऱ्हाडांनी याच गाड्या घेतल्या, १८७४ च्या आगीत कारखान्याचा मोठा भाग जळाला तरी पुन्हा उभा राहिला, आणि ही जगातली सर्वांत मोठी गाडी कंपनी ठरली. क्लेमने गावात चाळीस खोल्यांचा दगडी वाडा बांधला. हेन्रीचं नाव आज फक्त "एच अँड सी" या जुन्या पाटीतल्या एका अक्षरापुरतं उरलं आहे.

म्युझियमच्या आतल्या दालनात एक बग्गी आहे. स्टुडबेकरने ती केलेली नाही, नंतर विकत घेऊन जपली. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री अब्राहम लिंकन याच बग्गीतून नाटकाला गेले. परतीचा प्रवास तिला करावा लागला नाही. नाट्यगृहाचं नाव फोर्ड्स थिएटर. त्या मोटारवाल्या फोर्डशी त्याचा काही संबंध नाही, पण फोर्ड हे नाव या गोष्टीत आणखी दोनदा येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

घोड्याच्या धंद्यातले लोक मोटारीला हसत होते तेव्हा या भावांच्या घरात वाद चालला होता. पहिली मोटार त्यांनी १९०२ मध्ये केली ती विजेवर चालणारी! आज आपल्या पुण्यात हिरव्या नंबरप्लेटची गाडी घेऊन मंडळी जे नवलाईने मिरवतात, ते या लोहाराच्या पोरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी करून पाहिलं. पहिल्या वर्षी वीस विकल्या, एक थॉमस एडिसनने घेतली. पेट्रोलची गाडी दोन वर्षांनी आली. घोडागाडीही चालूच होती. एकाच छपराखाली घोड्याचा सरंजाम आणि कार्ब्युरेटर. शेवटची लाकडी वॅगन १९२० मध्ये झाली. जॉनी त्याच्या तीन वर्षं आधी गेला. एका माणसाच्या आयुष्यात एकचाकी हातगाडा आणि मोटार दोन्ही बसले.

माझं म्हणणं असं की, जे घराणं हा उंबरठा ओलांडून आलं त्याला पुढे कसलीच भीती असायला नको होती. घोडा गेला हे केवढं संकट. अमेरिकेतले शेकडो गाडीवाले त्यात गेले. स्टुडबेकर तगले. मग मेले कशाने? हिशेबाने. फार सामान्य, कंटाळवाण्या, कुठल्याही कारखान्यात घडतील अशा हिशेबांनी.

पहिला हिशेब अल्बर्ट अर्स्किन यांचा. मंदी येऊन उभी राहिली होती आणि अध्यक्षसाहेबांचा तिच्यावर विश्वासच बसत नव्हता. १९३० साली नफ्याच्या पाचपट लाभांश वाटला. गावाकडचा माणूसही असं करत नाही. दुष्काळात बियाणं दळून खात नाहीत. १९३३ च्या मार्चमध्ये कंपनी कोर्टाच्या रिसीव्हरच्या ताब्यात गेली आणि जुलैत अर्स्किन यांनी आत्महत्या केली. त्याच दिवसांत गावातल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या, नूट रॉकनी यांच्या नावाने एक स्वस्त गाडी काढली होती. रॉकनी १९३१ मध्ये विमान अपघातात गेले, गाडी १९३३ मध्ये गेली. नाव लाभलं नाही म्हणावं तर तसंही नाही. काळच कुणाला लाभत नव्हता.

पॉल हॉफमन आणि हॅरॉल्ड व्हान्स यांनी कंपनी सावरली. १९३९ ची चॅम्पियन ही हलकी, कमी पेट्रोल पिणारी गाडी चालली आणि मग युद्ध आलं. सुमारे दोन लाख लष्करी ट्रक या गावातून बाहेर पडले. त्यांतले पुष्कळ सोव्हिएत रशियात गेले, तिथल्या कच्च्या रस्त्यांवर टिकले, त्यांच्या पाठीवर कात्युशा रॉकेटं चढली. रशियन सैनिक त्यांना लाडाने "स्टुडर" म्हणत. इंडियानाच्या मक्याच्या शेतांमधला ट्रक स्टॅलिनच्या फौजेचा लाडका झाला! हेन्री तेव्हा जिवंत असता तर काय म्हणाला असता, असं वाटून गेलं.

मी दुपारी बाहेर आलो तेव्हा वाहनतळावर एक हिरवी चॅम्पियन उभी होती. १९५० ची. समोर नाकाच्या जागी विमानाच्या पंख्याच्या मध्यावर असतं तसं टोकदार नळकांडं. पहिल्यांदा पाहणारा हमखास हसतो. तिच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ फडक्याने क्रोम पुसत होते. मी न विचारताच म्हणाले, "हसून घ्या. सगळे हसतात. त्याआधीच्या मॉडेलला मागे इतक्या काचा होत्या की लोक म्हणायचे, ही गाडी येतेय की जातेय ते कळत नाही."

मग दोन यंत्रवेड्या माणसांचं जे होतं ते झालं. बॉनेट उघडलं गेलं. लहानसं सहा सिलिंडरचं इंजिन, साधं, हात घालायला चहूबाजूंनी जागा असलेलं. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि मिस्त्रीला आधी कॉम्प्युटर लागतो. इथे दोन पाने आणि एक पेचकस घेऊन बसावं. त्यांनी मला चालकाच्या जागी बसवलं. किल्ली फिरवली, काही नाही. बटण शोधलं, तेही नाही. ते गालात हसत होते. "क्लच," म्हणाले, "पूर्ण तळाला." दाबला आणि सेल्फ लागला. स्टार्टरचं बटण क्लचच्या पॅडलखाली! हीटर सीटखाली. वायपर इंजिनच्या ओढीवर चालणारे, म्हणजे चढावर ॲक्सिलरेटर दाबला की वायपर दम खायला थांबणार, नेमके पाऊस असेल तेव्हा.

"आणि मडगार्ड?" मी विचारलं. पत्र्याकडे बघायची सवय जात नाही. त्यांनी सुस्कारा टाकला. पुढच्या मडगार्डच्या आत चिखल आणि बर्फावर टाकायचं मीठ साठून राहायचं, वरून रंग चकचकीत आणि आतून पत्रा सडलेला. स्टुडबेकर बाळगणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. दर हिवाळ्यानंतर आतून धुणं, ग्रीस लावणं, भोक पडलं की जोड देणं. ही तक्रार सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. घरातल्या म्हाताऱ्याच्या खोकल्याबद्दल बोलावं तसं ते बोलत होते.

त्या वर्षांत ही गाडी आपल्याकडेही आली होती. उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स अँबॅसडर करू लागायच्या आधी, स्वातंत्र्याच्या सुरुवातीच्या वर्षांत, स्टुडबेकरच्या गाड्या जोडून विकत असे. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरमध्ये डॉज आणि प्लिमथ जुळत होत्या. साउथ बेंड, उत्तरपाडा, कुर्ला. तिन्ही ठिकाणचे भोंगे आता बंद आहेत. जास्त बोलत नाही, नाहीतर हा लेख तिकडेच जाईल.

युद्धानंतर नवी गाडी बाजारात आणण्यात स्टुडबेकरने डेट्रॉइटच्या तिन्ही बड्यांना मागे टाकलं. १९५३ ची कूपे तर अशी की न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ती प्रदर्शनात मांडली. श्रेय रेमंड लोवी यांना मिळालं. रेखाटणं बॉब बर्क यांची होती. कारखान्यात असंच चालतं, ड्रॉइंगवर सही साहेबाची असते. ती कूपे मी म्युझियममध्ये तीन फेऱ्या मारून पाहिली. ठेंगणी, लांब, अंगावर एकही फालतू दागिना नाही. अमेरिकेत एवढी देखणी गाडी पुन्हा झाली नाही, असं माझं मत आहे आणि पुढे येणाऱ्या अवांतीच्या भक्तांनी मला माफ करावं.

पण बघा, दुर्दैव कुठून शिरतं. साहेब धरून चालले की लोक चार दारांची सेदान घेतील, म्हणून त्याच जास्त करायला घेतल्या. लोकांना हवी होती कूपे. कूपे घाईने जुळवायला घेतल्या तर पुढचा पत्रा बसेना. चेसिस मऊ, इंजिनच्या वजनाने किंचित वाकायची आणि बॉनेट-मडगार्डच्या रेषा जुळायच्या नाहीत. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून पोटात गोळा येतो. चित्र काढणाऱ्याचा दोष नाही, जोडणाऱ्याचाही नाही. दोघांच्या मध्ये कुणीतरी एका सकाळी फिटिंग तपासायला हवं होतं. आणि त्याच हंगामात फोर्ड आणि शेवरोले एकमेकांवर कडी करायला विक्रेत्यांच्या दारात गाड्या ओतू लागले, किमती पाडू लागले. हत्तींच्या त्या झुंजीत दोन्ही हत्ती जगले, पायाखालचं गवत गेलं. हा फोर्ड दुसरा.

पुढचं थोडक्यात. १९५४ मध्ये पॅकार्डशी लग्न लावलं, दोन आजारी माणसांनी एकमेकांच्या आधाराने उभं राहावं तसं. चार वर्षांत पॅकार्ड हे नावच संपलं, तेही शेवटी स्टुडबेकरच्याच अंगावर पॅकार्डचा मुखवटा चढवून. १९५९ ची लार्क ही आटोपशीर गाडी खपली आणि दोन वर्षं श्वास मिळाला. बड्या तिघांनी तशाच लहान गाड्या काढल्या आणि श्वास संपला.

मग आले शेरवूड एग्बर्ट. चाळिशीतले, उंचेपुरे, घाईतले. १९६१ मध्ये त्यांनी लोवींना फोन करून बोलावून घेतलं. लोवींनी पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटात एक घर भाड्याने घेतलं, तीन जणांना आत कोंडलं आणि काही आठवड्यांत गाडी आकाराला आणली. अवांती, म्हणजे इटालियन भाषेत पुढे. फायबरग्लासची, समोर जाळी नसलेली, बाटलीसारखी कमरेत आवळलेली. १९६२ मध्ये लोकांनी पाहिली आणि वेडे झाले. पैसे घेऊन रांगा लागल्या. पण फायबरग्लासचे सांगाडे नीट जुळून येईनात, कारखान्याबाहेर करायला दिलेलं काम लांबत गेलं, आणि थांबून थांबून गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. एकूण साडेचार हजारांच्या वर जेमतेम झाल्या. दरम्यान एग्बर्ट यांना पोटाचा कर्करोग निघाला. १९६३ च्या नोव्हेंबरात ते पायउतार झाले.

९ डिसेंबर १९६३ ला कंपनीने जाहीर केलं की साउथ बेंडचा कारखाना बंद. नाताळला सोळा दिवस होते. केनेडींच्या खुनाला अडीच आठवडे. म्हाताऱ्या गृहस्थांचे वडील तिथेच होते, असेंब्लीवर. "मी तेरा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "त्यांना कुणी बोलावून सांगितलं नाही. घरी रेडिओवर ऐकलं. आईने पोळा उलटायचा होता तो तव्यावर तसाच जळला." २० डिसेंबरला शेवटची गाडी बाहेर पडली.

आता मला जे सांगायचं आहे त्याच्यापाशी आलो. स्टुडबेकरच्या जुन्या जाहिराती म्युझियममध्ये लावल्या आहेत. त्यांत बापलेक दिसतात. बाप कारखान्यात कारागीर, मुलगा त्याच्याच शेजारी काम शिकतोय, दोघांच्या चेहऱ्यावर उजेड. जाहिरातीसाठी रंगवलेलं असलं तरी ते खोटं नव्हतं. गावात अशी घरं खरोखर होती, बाप, मुलगा, काका, सगळे एका गेटमधून आत जाणारी. हीच जोडी दाखवून कंपनीने वर्षानुवर्षं गाड्या विकल्या. आणि याच बापांना निवृत्तिवेतनाचं वचन दिलं होतं.

कारखाना बंद झाल्यावर फंड उघडला तर तो अर्धामुर्धा. वचन वाढवत नेलेलं, पैसे मात्र तीस वर्षांत हळूहळू भरायचे ठरवलेले. साठी गाठलेले आणि आधीच निवृत्त झालेले, असे साधारण ३,६०० जण होते. त्यांना पूर्ण वेतन देण्यात फंड संपत आला. चाळीस ते एकोणसाठ वयाचे, हक्क लागू झालेले सुमारे ४,००० जण. त्यांना जे मिळायला हवं होतं त्याच्या जवळपास पंधरा टक्के, एकदाच, हातात. यांचं सरासरी वय बावन्न आणि सरासरी नोकरी तेवीस वर्षांची. बाकीचे सुमारे २,९०० जण. त्यांना काही नाही.

गृहस्थांचे वडील दुसऱ्या ओळीत होते. मी आकडा विचारला नाही. ते म्हणाले, "त्या पैशात त्यांनी काय केलं माहीत आहे? ही गाडी वापरलेली मिळत होती, तेवढी परवडली नाही, म्हणून तिचे सुटे भाग घेतले. लोक स्टुडबेकर टाकून देतील तेव्हा भागांना किंमत येणार नाही, म्हणाले. चूक होती त्यांची." त्यांनी चॅम्पियनच्या दारावर हात ठेवला. "भाग अजून तळघरात आहेत. ही गाडी मी त्यातूनच उभी केली."

या चार हजारांची गोष्ट अमेरिकेच्या संसदेत दहा वर्षं फिरत राहिली आणि १९७४ मध्ये तिच्यातून निवृत्तिवेतनाचं रक्षण करणारा कायदा झाला. आज अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलाबाळांनाही त्याचं छत्र आहे. त्यांच्यातल्या किती जणांना साउथ बेंडचं नाव ठाऊक असेल? कायद्यावर सही केली ती राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी. हा तिसरा फोर्ड, आणि एवढाच काय तो कामाला आला. साउथ बेंडच्या कामगारांना मात्र त्या कायद्याने मागचं काही परत दिलं नाही.

आणि कंपनी? ती मेली नाही हो. सगळे चुकतात ते इथेच. तिने आधीच इंजिनात घालायचं एसटीपीचं औषध, बागेचे ट्रॅक्टर, जनरेटर असे धंदे विकत घेऊन ठेवले होते. मोटारींचा तोटा कापून टाकल्यावर तिची तब्येत सुधारली. कॅनडात हॅमिल्टनला मार्च १९६६ पर्यंत गाड्या होत राहिल्या, शेवटी शेवटी तर जनरल मोटर्सकडून घेतलेली इंजिनं बसवून. मग तेही थांबलं. पुढच्या वर्षी वर्दिंग्टन या कंपनीशी तिचं मीलन झालं, १९७९ मध्ये तिसऱ्याच कुणी तिला घेतलं आणि नाव कागदांत विरघळलं. भागधारकांचं फारसं बिघडलं नाही. म्हणून मी स्टुडबेकर गेली म्हणतो तेव्हा कंपनी गेली म्हणत नाही. धाव निसटली असं म्हणतो. आरे, तुंबा, पुठ्ठे अजून तिथेच होते, पण त्यांना एकत्र आवळून धरणारं जे काही होतं ते एका डिसेंबरात निघालं आणि तेवीस तेवीस वर्षांची माणसं सुटी सुटी होऊन गावभर विखुरली.

गंमत म्हणजे अवांती तरीही मरेना. गावातल्याच दोन विक्रेत्यांनी, नेट ऑल्टमन आणि लिओ न्यूमन यांनी, तिचे साचे आणि हक्क विकत घेतले आणि जुन्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात, हाताने, गिऱ्हाईक सांगेल त्या रंगात ती वर्षानुवर्षं करत राहिले. ज्यांनी गाड्या विकल्या होत्या त्यांनीच त्या करायला घेतल्या. ज्या गाड्या साठेक वर्षांपूर्वी बंद पडल्या त्यांचे सुटे भाग आजही मिळतात, क्लब आहे, मासिक आहे, उन्हाळ्यात मेळावे भरतात. गृहस्थ म्हणाले, चालू असलेल्या कंपन्यांच्या वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचं दार मिळत नाही, आमचं मिळतं. यात थोडी फुशारकी असेल. मला ती आवडली.

त्यांनी मला नदीपर्यंत फिरवून आणलं. सेंट जोसेफ नदीचं दक्षिणेकडचं टोकाचं वळण इथे आहे, म्हणून गावाचं नाव साउथ बेंड. वाटेत सहा मजली विटांची इमारत लागली, गाड्यांचे सांगाडे जुळवायची. आता तिथे संगणकवाल्यांची कार्यालयं येताहेत, खिडक्यांच्या काचा नव्या. नदीकडून वर येताना चढावर सिग्नल लागला. समोर ट्रक, मागे टेकून आलेली एक गाडी. त्यांनी क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले आणि मग सावकाश ब्रेकवरचा पाय काढून घेतला, मला दाखवत. गाडी जागची हलली नाही. "हिल होल्डर," ते म्हणाले. १९३६ पासून स्टुडबेकरमध्ये ही युक्ती आहे. क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेक धरून राहतो, चढावर गाडी मागे सरकत नाही. खंबाटकी जुन्या रस्त्याने चढताना हँडब्रेक ओढून ज्यांनी घाम गाळला आहे त्यांना त्याची किंमत कळेल. सिग्नल हिरवा झाला. त्यांनी क्लच सोडला आणि चौऱ्याहत्तर वर्षांची ती गाडी एक हिसका न देता निघाली.

तुम्ही शिकागोला कुणाकडे गेलात तर एक दिवस मोकळा ठेवा आणि सकाळची पहिली साउथ शोअर गाडी धरा. वॅगन दारातच आहे, बग्गी आतल्या दालनात, १९५३ ची कूपे विचारून घ्या, आणि हॅमिल्टनला झालेली शेवटची गाडी, निळसर हिरवी क्रूझर, तीही तिथेच ठेवली आहे. फक्त उतरल्याबरोबर घड्याळ पुढे करा. साउथ बेंड शिकागोपेक्षा एक तास पुढे आहे.